हात आधी, पिस्तूल मग

बाय, स्वतःच्या हाताचं पिस्तूल हवं असं तू म्हणतेस ते योग्यच आहे. नेमबाजीत मनासारखं दहावर बसायचं तर पिस्तूल हाताचंच असावं लागतं. पण 'आजोबा, मला एक पिस्तूल घडवून द्या' या बोलण्यात एक दुरुस्ती कर. पिस्तूल कारखान्यात घडतं. आपण घडवायची ती त्याची मूठ, म्हणजे तुम्ही पोरं जिला ग्रिप म्हणता ती. आणि जुळवायचं ते त्याचं वजन, ट्रिगर आणि साइट्स. एवढंच आपल्या हातात आहे आणि एवढंच पुरेसं आहे. मी सुतार माणूस, रेंजवरच्या पोरापोरींच्या ग्रिप्स घासत आलो, त्यातून जे कळलं ते तुला क्रमानं सांगतो. क्रम मोडू नकोस, कारण यात मागचं पुढे केलं की केलेलं सगळं वाया जातं.

कायदा आणि शिस्त

दहा मीटरचं एअर पिस्तूल ४.५ मिलिमीटरचं असतं, दाबलेल्या हवेवर चालतं. पंचवीस मीटरचं पॉइंट टू टू हे मात्र अग्निशस्त्र, त्याला परवाना लागतो. परवान्याशिवाय अग्निशस्त्र बनवणं, दुरुस्त करणं, त्यात फेरफार करणं हा १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ चा भंग, म्हणजे गुन्हा आहे. कुणी कितीही हुशार लेथवाला भेटला आणि 'मी करून देतो' म्हणाला तरी त्याच्या वाटेला जायचं नाही. एअर पिस्तूलसुद्धा मान्यताप्राप्त विक्रेत्याकडूनच घ्यायचं, आपली ओळख आणि पत्ता नोंदवून, पक्क्या पावतीवर. ती पावती पिस्तुलाच्या पेटीतच ठेवायची.

दुसरी शिस्त हाताची. पिस्तूल नेहमी भरलेलं आहे असंच समजायचं. नळीचं तोंड टार्गेटकडे, बोट ट्रिगरच्या बाहेर, आणि नेमबाजी चालू नसताना नळीत केशरी सेफ्टी फ्लॅग. पिस्तूल पेटीतून काढलं की पहिला हात फ्लॅगकडे आणि डोळा नळीच्या दिशेकडे गेला पाहिजे. मी ग्रिप घासायला घेतो तेव्हा ती आधी पिस्तुलापासून सोडवतो, हवेचा सिलिंडर काढून बाजूला ठेवतो आणि बाकी पिस्तूल पेटीत बंद करतो. कामाच्या टेबलावर पेलेटची डबी कधीच नसते. तूही हेच करायचं.

तिसरी गोष्ट तब्येतीची. पेलेट शिशाचे असतात. सरावानंतर साबणानं हात धुतल्याशिवाय जेवणाचा डबा उघडायचा नाही, तोंडाला हात लावायचा नाही. पेलेट दातात धरण्याची काही जणांना सवय असते, ती तुला लागता कामा नये.

मूठ का महत्त्वाची

एक हिशेब मनात पक्का कर. पुढची साइट आणि मागची साइट यांच्यात साधारण ३२ सेंटिमीटर अंतर धर. टार्गेट १० मीटरवर. आता हात सरळ राहून सगळाच्या सगळा १ मिलिमीटर सरकला तर पेलेटही १ मिलिमीटरच सरकेल, काही बिघडत नाही. पण मनगट किंचित वळलं आणि पुढची साइट मागच्या खाचेच्या मधोमध न राहता १ मिलिमीटर बाजूला गेली, तर टार्गेटवर ती चूक ३१ मिलिमीटरची होते. दहाचं वर्तुळ फक्त ११.५ मिलिमीटर व्यासाचं. ३१ मिलिमीटरची चूक म्हणजे दहाचा नेम थेट सातवर.

म्हणून हात थरथरतो याची चिंता नवखी माणसं उगाच करतात. हात सगळ्यांचाच हलतो, ऑलिंपिकवाल्यांचाही. मनगट वळतं ते वाईट, आणि मनगट वळतं कारण मूठ हातात नीट बसलेली नसते. साइट जागेवर आणायला दर वेळी मनगटानं ओढाताण करावी लागली, तर साठाव्या शॉटपर्यंत ते स्नायू दमून जातात. चांगली ग्रिप म्हणजे काय, तर डोळे मिटून हात उचलला, डोळे उघडले, आणि पुढची साइट आपली आपण खाचेच्या मधोमध उभी दिसली. सगळ्या घासकामाचा उद्देश एवढाच.

लाकडाला हात लावण्यापूर्वी उभं राहायला शीक

ग्रिप जुळवायची घाई पहिल्या वर्षी करायची नाही. उभं राहणं पक्कं झालं नसेल तर आज जुळवलेली ग्रिप पुढच्या महिन्यात चुकीची ठरते. पाय खांद्याइतके अंतरावर, अंग टार्गेटला जवळजवळ आडवं, मोकळा हात खिशात किंवा पट्ट्यात अडकवलेला, खांदे सैल. डोळे मीट, हात उचल, दोन श्वास घे, डोळे उघड. पिस्तूल टार्गेटच्या डावीकडे गेलं तर हात उजवीकडे ओढायचा नाही, मागचा पाय थोडा सरकवायचा. पायांनी दिशा, मुठीनं साइट. ही दोन कामं वेगळी ठेव. दिशेची चूक लाकूड घासून सुधारायला गेलीस तर ग्रिप खराब होईल आणि चूक तशीच राहील.

कोणता डोळा आणि कोणता हात हेही आधीच ठरव. दोन्ही हातांच्या पंजांमध्ये लहान भोक ठेवून, दोन्ही डोळे उघडे ठेवून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघ, मग एकेक डोळा मीट. ज्या डोळ्यानं घड्याळ भोकातच राहतं तो तुझा प्रमुख डोळा. डोळा आणि हात एकाच बाजूचे असतील तर काम सोपं. नसतील तर कोचशी बोलून निर्णय घे, कारण डावखुरी ग्रिप आणि उजवखुरी ग्रिप एकमेकींना बदली म्हणून चालत नाहीत. डाव्या हातानं नेमबाजी करण्यात कमीपणा काही नाही. हंगेरीच्या कारोय ताकाच यांचा उजवा हात १९३८ साली हातबॉम्बच्या स्फोटात निकामी झाला. ते डाव्या हातानं पिस्तूल चालवायला शिकले आणि त्यांनी १९४८ आणि १९५२ च्या ऑलिंपिकमध्ये पंचवीस मीटर रॅपिड फायर पिस्तुलाचं सुवर्णपदक मिळवलं.

पायांचा आणि कमरेचा सराव आपल्या तळा गावात फुकट होतो. पावसाळा सोडून तळगड चढून उतर. साठ शॉट्सना ७५ मिनिटं उभं राहायचं असतं, त्याआधी तयारीची आणि साइटिंगची १५ मिनिटं वेगळी. पाय दमले की हात आधी बोलतो.

पिस्तूल निवडताना

चांगलं पिस्तूल लाखाच्या पुढे जातं, म्हणून घाई नको. एक-दोन वर्षं क्लबच्या पिस्तुलावर काढ. आपल्या रायगड जिल्ह्यात नव्या पनवेलच्या कर्नाळा स्पोर्ट्स अकादमीत सुमा शिरूर यांचा लक्ष्य शूटिंग क्लब आहे. त्या स्वतः रायफलच्या ऑलिंपिकपटू. तळ्याहून इंदापूर गाठायचं आणि महामार्गानं कोलाड, नागोठणे, वडखळ, पेण करत पनवेलला जायचं. प्रवास लांबचा आहे, पण वेगवेगळी पिस्तुलं हातात घेऊन बघायला मिळतात, आणि ते कुठल्याही जाहिरातीपेक्षा मोलाचं.

स्टायर, मोरिनी, वॉल्थर, फाइनवेर्कबाऊ, पार्दिनी ही सगळी नावाजलेली घराणी आहेत. त्यांच्यात कुठलं सर्वांत चांगलं यावर वाद घालण्यात वेळ घालवू नकोस. तुझ्या हाताला कुठलं जवळचं ते बघ. तुझ्या पंजाचा आकार लहान, म्हणून ग्रिपचं लहान माप मिळतं का, आणि ट्रिगर मागेपुढे सरकतो का, हे आधी विचार. नळी लांब घेतली की साइट्समधलं अंतर वाढतं, पण पुढचं वजनही वाढतं. लहान अंगाच्या मुलीला आखूड, हलकं मॉडेल बहुतेकदा जास्त सोयीचं पडतं.

वापरलेलं घेत असशील तर हवेच्या सिलिंडरवरची तारीख आधी वाच. सिलिंडरची मुदत जास्तीत जास्त १० वर्षं. मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्यात २०० बारच्या आसपास दाब भरतात, म्हणून मुदत संपलेला सिलिंडर धोक्याचा.

नियमांची चौकट

ग्रिपला कानस लावण्यापूर्वी या मापांची चिठ्ठी कामाच्या जागी लाव. एअर पिस्तुलाचं वजन १५०० ग्रॅमच्या आत. ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा. आणि सगळं पिस्तूल ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत बसलं पाहिजे. नवखे लोक यातलं ५० विसरतात. पिस्तूल चपटं असतं, पण तळहाताचा टेकू आणि अंगठ्याखालचा फुगवटा वाढवत गेलं की रुंदी कधी ५० च्या पुढे जाते ते कळत नाही. म्हणून आपल्या घरी प्लायवूडची त्याच मापाची पेटी करून ठेवायची. पुट्टीचा प्रत्येक थर वाळला की पिस्तूल पेटीत घालून बघायचं.

ग्रिप हाताच्या पलीकडे जाऊन मनगटाला टेकता कामा नये, मनगट उघडं दिसलं पाहिजे. तळहाताखालचा टेकू मुठीशी ९० अंशांपेक्षा कमी कोनात नको, आणि टेकूला वरच्या बाजूनं वळवलेली कड नको. अंगठा वर उचलायला मोकळा हवा. हाताला घट्ट पकडून ठेवणारी मूठ नियमात बसत नाही. ग्रिपवर किंवा हातावर चिकट पदार्थ चालत नाही. बूट घोट्याच्या हाडाच्या खालचे. मनगटाला आधार देणारा पट्टा किंवा कडं नको. साइट्स उघड्या, भिंग किंवा दुर्बीण नाही.

मूठ बसवण्याचं काम

पहिली आज्ञा: कंपनीची मूळ ग्रिप कापायची नाही. ती जशीच्या तशी पेटीत ठेव आणि दुसऱ्या ग्रिपवर काम कर. क्लबचं पिस्तूल असेल तर हा नियम दुप्पट पाळायचा. काम सुरू करण्याआधी ग्रिपचे सगळ्या बाजूंनी फोटो काढ आणि कागदावर तिची बाह्यरेषा आखून ठेव.

आता पकड समजून घे. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधलं बेचकं ग्रिपच्या पाठीवर जितकं वर जाईल तितकं चांगलं, कारण नळी मनगटाच्या जितकी जवळ येईल तितका शॉटचा झटका कमी जाणवतो. पिस्तूल, मनगट आणि कोपर एका रेषेत. मधलं बोट आणि अनामिका मूठ सरळ मागे दाबतात, ताकद त्या दोघांचीच. करंगळी फक्त टेकलेली. अंगठ्याला काम नाही, तो सैल आडवा पडलेला. आणि तर्जनी लाकडाला कुठेच लागता कामा नये. ती बाजूला टेकत असेल तर ट्रिगर ओढताना सगळं पिस्तूल बाजूला ढकलते. तिथलं लाकूड सगळ्यांत आधी घासायचं.

हात कुठे लागतो आणि कुठे नाही ते डोळ्यांनी बघायची युक्ती अशी. कोरड्या ग्रिपवर खडूची बारीक भुकटी चोळ, नेहमीसारखी पकड घे, दहा-वीस वेळा हात उचल, मग ग्रिप अलगद सोडव. जिथे भुकटी पुसली गेली तिथे हात दाबतो आहे, जिथे तशीच आहे तिथे पोकळी आहे. तळहाताच्या मध्यभागी आणि अंगठ्याखालच्या गादीला सारखा स्पर्श हवा. एखाद्याच जागी भुकटी चकचकीत होऊन गेली असेल तर तिथे टोचतंय, तासाभरानं तिथे वळ उठेल. हाताला वळ उठला की मन शॉटवर राहत नाही.

आकार कसा हवा ते आधी मातीत बघावं. आमच्या बाजूला पेणचे मूर्तिकार शाडू वापरतात, ती शाडू लागणाऱ्या जागी पातळ थापली, वर पातळ प्लॅस्टिक गुंडाळलं आणि पकड घेतली की तुझ्या हाताचा ठसा उमटतो. तो ठसा लाकडात कसा उतरवायचा ते त्यावरून कळतं. शाडू ओली असताना पिस्तुलाच्या धातूला लागू द्यायची नाही, ग्रिप सुटीच असली पाहिजे.

मग भर आणि घास. भर घालायला लाकडाचा भुसा आणि लाकडी कामाचा गोंद एकत्र मळून वापरता येतो, किंवा बाजारात मिळणारी दोन भागांची इपॉक्सी पुट्टी. थर पातळ ठेव, एक पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा नको. आपल्याकडे पावसाळ्यात गोंद वाळायला दुप्पट वेळ घेतो, म्हणून हे काम दिवाळीनंतर काढावं. घासायला जाड दातांची लाकडी कानस, नंतर बारीक, शेवटी पॉलिश पेपर. एका वेळी थोडंच घास, मग हातात घेऊन बघ, मग परत घास. कुड्याच्या लेण्यांत दगड कोरणाऱ्यांना जे ठाऊक होतं तेच इथे लागू आहे: काढलेलं परत लावता येत नाही.

डोळे मिटून उचलण्याची परीक्षा प्रत्येक घासणीनंतर घे. पुढची साइट खाचेच्या एका बाजूला दिसली तर लाकडाला हात लावण्यापूर्वी चिकटपट्टीचे तुकडे वापर. तळहाताच्या टाचेखाली दोन थर लाव, बघ, काढ, अंगठ्याच्या बाजूला लाव, बघ. कोणत्या बाजूला भर घातल्यावर साइट मध्यावर येते ते चिकटपट्टीच तुला सांगेल, मग तिथे पुट्टी. साइट खाचेच्या खाली बुडते किंवा वर निघते तर मुठीचा कल बदलायला हवा. बहुतेक नव्या पिस्तुलांत ग्रिपचा कल आणि फिरव बदलायचे स्क्रू असतात, आधी ते वापर. लाकूड शेवटी.

तळहाताचा टेकू शेवटी जुळव. तो हाताच्या कडेला नुसता टेकला पाहिजे, आवळला तर नको. आवळलेला टेकू सुरुवातीला छान वाटतो, पण उन्हाळ्यात हात फुगतो आणि तोच टेकू हाताला वर ढकलू लागतो. टेकू बसवायचा तो दुपारी, सरावाच्या मध्यावर, हात गरम असताना.

घाम, पाऊस आणि लाकूड

आपण समुद्राच्या हवेतली माणसं. इथला दमटपणा ग्रिपला आणि धातूला दोघांनाही त्रास देतो. ग्रिपला चकचकीत पॉलिश करू नको, घामानं ती सटकते. कारखान्यातल्या ग्रिपवर बारीक ठिपके ठोकलेले असतात, भर घातलेल्या जागीही बोथट टोकाच्या पंचनं तसेच ठिपके ठोक. लाकडानं पाणी पिऊ नये म्हणून जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात, तोही पुसून काढायचा. पावसाळ्यात लाकूड फुगतं, तेव्हा स्क्रू किंचित घट्ट वाटले किंवा पकड बदललेली वाटली तर घाबरून घासायला बसू नकोस. दोन दिवस कोरड्या जागी ठेव, सिलिका जेलच्या पुड्या पेटीत टाक, मग बघ. धातूवर घामाचे ठसे राहू द्यायचे नाहीत. सराव संपला की कोरड्या कापडानं पुसायचं, पेटी ओली असताना बंद करायची नाही.

ट्रिगर आणि साइट

ट्रिगरला मी हात लावतो तो फक्त बाहेरच्या स्क्रूंना, आणि तेही कंपनीच्या पुस्तिकेत दाखवलेल्या. आतली यंत्रणा उघडायची नाही. ती प्रशिक्षित तंत्रज्ञाचं काम आहे, माझं नाही आणि तुझंही नाही. स्क्रू पाव फेरा फिरवायचा, मग मोजायचं. ट्रिगरचं वजन ५०० ग्रॅमवर बरोबर अडवून ठेवू नकोस. १०-२० ग्रॅम वर ठेव. स्पर्धेत वजन टांगून तपासतात, आणि घरच्या तपासणीत काठावर पास झालेला ट्रिगर तिथे हमखास दगा देतो. दोन टप्प्यांचा ट्रिगर असेल तर वजनाचा मोठा भाग पहिल्या टप्प्यात घे आणि दुसऱ्यात थोडाच ठेव. पहिला टप्पा पार करून बोट टेकलं की मन शांत होतं.

ट्रिगरचं पातं मागेपुढे सरकवून असं लाव की तर्जनीच्या पहिल्या पेराचा मध्य त्यावर येईल. बोट जास्त आत गेलं की ओढ तिरकी होते. पातं सरळ मागेच आलं पाहिजे.

साइटची रुंदी डोळ्याच्या सवयीनं ठरते. पुढच्या साइटच्या दोन्ही बाजूंना उजेडाच्या दोन सारख्या फटी दिसल्या पाहिजेत, फार बारीक फटींमुळे डोळा लवकर शिणतो. नजर पुढच्या साइटच्या वरच्या कडेवर. टार्गेटचा काळा भाग धूसर दिसणारच, तो तसाच हवा. टार्गेट स्पष्ट आणि साइट धूसर असं झालं की शॉट सोडायचा नाही, हात खाली घ्यायचा. साइट सरकवायचे क्लिक फिरवायचे तेही एका शॉटवरून नाही, पाच शॉट्सच्या ग्रुपवरून. ग्रुप एकत्र आहे आणि बाजूला आहे तर क्लिक. ग्रुप विखुरलेला आहे तर साइटचा दोष नाही, तुझ्या पकडीचा किंवा ट्रिगरचा आहे.

वजन

पुढे वजन लावलं की पिस्तूल शांत वाटतं, पहिल्या दहा शॉट्सपर्यंत. म्हणून वजनाची परीक्षा पहिल्या दहावर घ्यायची नाही, शेवटच्या दहावर घ्यायची. सुरुवातीला कमी वजनावर सराव कर, खांदा पक्का झाला की थोडं थोडं वाढव. तुझं वय वाढीचं आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबतला कोपराच्या दुखापतीमुळे बराच काळ मागे पडावं लागलं होतं. त्यातून सावरून तिनं २०१८ साली जकार्ता आशियाई स्पर्धेत पंचवीस मीटर पिस्तुलाचं सुवर्ण शूट-ऑफमध्ये जिंकलं, आणि आशियाई स्पर्धेत वैयक्तिक सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला नेमबाज ठरली. कोपर किंवा खांदा दुखला की त्या दिवशी पिस्तूल पेटीत. अंगावर काढलेलं दुखणं पुढचं वर्ष खातं.

पेलेट

पेलेटच्या डब्यांवर ४.४९, ४.५० अशी मापं लिहिलेली असतात. कुठलं माप तुझ्या नळीला मानवतं ते क्लबच्या तंत्रज्ञाकडून, पिस्तूल शिकंज्यात धरून बघून घे. जो लॉट चांगला ग्रुप देतो त्याच लॉटचे डबे स्पर्धेसाठी राखून ठेव, सरावाला साधे वापर. कडा दबलेला पेलेट बाजूला काढ. पण पेलेटच्या शोधात फार गुंतू नकोस. साठ शॉट्सचं तुझं गणित सुधारेल ते मुठीनं आणि सरावानं.

घरचा सराव

घरी पेलेट भरायचाच नाही. घरी फक्त ड्राय फायरिंग, मोकळ्या भिंतीकडे तोंड करून, आणि आधी नळी रिकामी आहे हे दोनदा बघून. आपली ओटी पाच मीटरची आहे. दहा मीटरवरचा काळा भाग ५९.५ मिलिमीटरचा, म्हणून पाच मीटरवर ३० मिलिमीटरचं काळं वर्तुळ लाव, डोळ्याला तेवढंच दिसेल. खऱ्या टार्गेटचा मध्य जमिनीपासून १.४ मीटरवर असतो, तू तेवढ्याच उंचीवर लाव. ट्रिगर सुटताना पुढची साइट हलली का, एवढंच बघायचं.

वही

एका वेळी एकच गोष्ट बदलायची. ग्रिप घासली आणि त्याच दिवशी साइटही बदलली, तर सुधारणा कशामुळे झाली ते कधीच कळत नाही. वहीत तारीख लिही, काय बदललं ते, किती बदललं ते, आणि ग्रुप कसा आला ते. स्क्रूची जागा लिहून ठेव, म्हणजे मूळ जागेवर परत जाता येतं. निदान आठवडाभर नवी मूठ वापरल्याशिवाय ती चांगली की वाईट हे ठरवायचं नाही, नवं ते पहिल्या दिवशी नेहमीच वेगळं वाटतं. आणि मोठ्या स्पर्धेच्या महिनाभर आधी सगळे बदल बंद.

स्पर्धेची पेटी

स्पर्धेला जाताना सुटे स्क्रू, ॲलन की, सुटी ट्रिगर बॅटरी, भरलेला दुसरा सिलिंडर आणि मऊ कापड, हे ठरलेल्या खणात. टोकियो ऑलिंपिकमध्ये मनू भाकरच्या पिस्तुलात पात्रता फेरीतच बिघाड झाला, दुरुस्तीत मोलाची मिनिटं गेली, ५७५ गुणांवर ती बाराव्या क्रमांकावर राहिली आणि अंतिम फेरी थोडक्यात हुकली. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये तिनं याच दहा मीटरच्या प्रकारात वैयक्तिक आणि मिश्र सांघिक अशी दोन कांस्यपदकं घेतली. यातून दोन गोष्टी घे. यंत्र कुणालाही दगा देऊ शकतं, म्हणून तयारी ठेव. आणि दगा दिला तरी तो शेवट नसतो.

आपल्या मराठी मातीत या खेळाची मुळं आहेत, हेही लक्षात ठेव. १९५१ साली नॅशनल रायफल असोसिएशन सुरू करण्यात पुढे असलेले लोकसभेचे पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळंकर हे मूळच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या मावळंगे गावच्या घराण्यातले. त्यांच्या नावाची अखिल भारतीय स्पर्धा आजही होते आणि तिथून पोरं राष्ट्रीय स्पर्धेकडे जातात. तुझ्या आधी तेजस्विनी सावंत, स्वप्नील कुसाळे यांनी कोल्हापूरच्या बाजूनं येऊन जगात नाव केलं. तळ्याची मुलगी तिथे का पोहोचू नये?

पण एक वेळ अशी येते की ग्रिपवर आणखी काही करण्यासारखं उरत नाही. डोळे मिटून दहा वेळा हात उचललास, दहाही वेळा साइट मध्यावर आली, तासाभरानं हातावर वळ नाही, आणि पिस्तूल पेटीच्या मापात बसलं, की कानस ठेवून द्यायची. त्यानंतर स्कोअर खाली गेला तर पहिला हात वहीकडे जायला हवा, पायांकडे, ट्रिगरच्या बोटाकडे. लाकडाकडे सर्वांत शेवटी. मूठ एकदा बसली की रोज तीच पकड, तोच श्वास आणि तोच ट्रिगर. ते काम तुझं एकटीचं, आणि ते रोज करावं लागेल.